दोमितिलाला मारायचं राहिलं

दोमितिलाला मारायचं काही ओतिलियाबाईंच्या हातून होईना. मृतांच्या सणाला बाजारातल्या एकेका जिवंत दुकानदाराला कवितेत मारायचं आणि भिंतीवर चिकटवायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. मृत्यूबाई येते, टिंगल करते, घेऊन जाते. आणि मेलेला माणूस भिंतीसमोर पोट धरून हसतो. खाटीक फिदेन्सिओला तर त्यांनी एका बैठकीत संपवला. पण टोपलीतून मक्याच्या पिठाचे वाफाळते तामाले विकणारी दोमितिला बालमैत्रीण, आणि नुकतीच पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन करून आलेली. स्ट्रेचरवरचा तिचा पिवळा चेहरा आठवला की बाईंची लेखणी अडायची. शेवटी त्यांनी तिला गाळलंच.

सकाळी सगळा बाजार आपापलं मरण वाचत होता. दोमितिलाने दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट फिरवत वाचलं.

"मी कुठाय?"

फिदेन्सिओने हळूच डोक्यावरची टोपी काढली. झालं! डॉक्टर ओतिलियाबाईंना काहीतरी बोललेत, म्हणूनच हिला गाळलं, हे बाजाराने ठरवूनच टाकलं. फुलवालीने मृतांना वाहायच्या झेंडूचा भारा आणून ठेवला. पाववाली कानाशी लागली, "तामाल्यांचं पीठ कसं मळतेस गं? कुणाला तरी सांगून ठेव, बाई." दुपारी पाद्रीबुवाही सहज म्हणून डोकावून गेले.

दोमितिला तरातरा ओतिलियाबाईंच्या घरी आली. "खरं सांग, किती दिवस उरलेत माझे?"

"अगं, ठणठणीत आहेस तू!"

"मग मारलं का नाहीस?"

"धीर झाला नाही, भवाने! तू खरंच गेलीस तर मी काय करू?" बाईंना रडूच कोसळलं.

"नंतर रड. आधी मला मार. बाजार मला जिवंतपणी पोचवायला निघालाय!"

बाईंनी डोळे पुसत लिहिलं:

आली मृत्यूबाई, तामाले खाऊन झाली सुस्त,
न्यायचं विसरून घोरत पडली, दोमितिला मस्त!

"हे काय? मी मेलेच नाही! तीस वर्षं लिहितेस आणि असली चापलुसी? खोड ते."

"याच्यापुढे नाही गं सुचत."

"का नाही सुचत?"

"पुढे लिहिलं की तू एकटी जातेस ना."

दोमितिलाने खुर्ची ओढली आणि बाईंच्या खांद्याला खांदा लावून बसली. बऱ्याच खाडाखोडीनंतर कागदावर उतरलं:

उठली मृत्यूबाई, दोमितिलाचा हात धरून निघाली,
टोपली उचलायला मागून ओतिलियाही आली.

दोमितिलाने ते दोनदा वाचलं आणि शालीच्या टोकाने नाक पुसलं.

"आता कशी मेले बघ! लाव भिंतीवर. पण आत्ताच सांगते, टोपली जड असते हं. वर गेल्यावर कुरकुर ऐकून घेणार नाही."