शून्य प्रोस्टेटचं गाव

करडवाडी गावातले पन्नाशी ओलांडलेले पुरुष रात्री वारंवार उठतात, ही बाब प्रशासनाच्या निदर्शनास आली. गावातल्या बायकांच्या निदर्शनास ती बऱ्याच वर्षांपूर्वी आली होती, पण त्यांनी ती रीतसर कळवलेली नव्हती.

उपाय म्हणून पुरुष आरोग्य अभियान आलं. पुरुषाच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. ती पीएसए नावाचं प्रथिन तयार करते आणि त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. तो वाढला, तर ग्रंथी वाढलेली असेल, सुजलेली असेल किंवा तिथं कर्करोगही असेल. नक्की काय ते पुढच्या तपासणीत कळतं. म्हणजे सुरुवातीला दंडातून नळीभर रक्त काढायचं, एवढंच काम. ज्या गावातल्या सगळ्या पात्र पुरुषांची तपासणी होईल आणि एकही जण धोक्यात निघणार नाही, त्या गावाला चौकात उंच खांबावरचा हायमास्ट दिवा मिळणार होता. रात्री उठणाऱ्यांची सोय व्हावी, असा त्यामागं विचार होता. रोगी शोधायच्या मोहिमेत रोगी न सापडल्याबद्दल बक्षीस ठेवलं आहे, हे कुणाला खटकलं नाही.

शिबिर शाळेत भरलं. पुरुष फाटकापर्यंत आले. तिथं ग्रंथीचं नेमकं ठिकाण दाखवणारं रंगीत चित्र लावलं होतं. ते पाहून एकाला विहिरीवरची मोटार बंद करायची आठवली, दुसऱ्याला म्हैस. सरपंच रणधीर यांनी फीत कापली आणि ते मागच्या दारानं निघून गेले.

दुपारी बायका आल्या. करडवाडीत रांग हे बायकांचं काम आहे. रेशनची रांग, बँकेची रांग, येडेश्वरीच्या दर्शनाची रांग. घरच्या माणसाच्या वतीनं बाईच उभी राहते. त्यामुळं रक्ताच्या रांगेत त्या उभ्या राहिल्या, यात गावाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते शिवकन्याला. ती जीवरसायनशास्त्र शिकून अभियानात रक्त घ्यायला नुकतीच कंत्राटावर लागली होती.

"मावशी, तपासणी पुरुषांची आहे."

"व्हय की. आमच्या मालकाची घ्या," असं म्हणत हरणाबाईंनी स्वतःचा दंड पुढं केला.

"त्यांचं रक्त लागेल."

"त्येंच्यासाठी सोळा सोमवार म्या धरले. वडाला फेऱ्या म्या मारल्या. ते देवाला चालतंय, आन् तुमच्या मशीनला न्हाय चालत?"

शिवकन्या ग्रामसेवक बाबूराव यांच्याकडं गेली. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत.

"भाऊसाहेब, बाईला प्रोस्टेट नसते."

"म्हणजे रिपोर्ट नॉर्मल येईल ना?"

"नॉर्मल येईल, पण त्याला अर्थ नसेल."

"मॅडम, अर्थाचा रकाना आपल्याकडं नाही," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. त्यांचं स्वतःचं वय चोपन्न. त्यांच्या पत्नी नीलाताई त्यासाठी तुळजापूरहून खास एसटीनं आल्या होत्या आणि रांगेत तिसऱ्या होत्या.

निकाल आला. करडवाडीच्या पुरुषांच्या रक्तात पीएसए जवळपास नव्हतंच. जिल्ह्याचे अभियान अधिकारी योगीराज साहेब यांनी दूरध्वनीवरून अभिनंदन केलं आणि गावकरी काय खातात, अशी विचारणा केली. ज्वारी आणि करडईचं तेल, असं कळवण्यात आलं. आठवडाभरात लातूर-सोलापूरच्या गाड्या करडईचं तेल न्यायला गावात थांबू लागल्या.

डाग एकच होता. बलभीमतात्यांचा आकडा सेहेचाळीस आला होता. चारच्या पुढं काळजी करावी, असं तक्त्यात छापलेलं होतं. घडलं ते असं. तात्यांच्या पत्नी कडूबाई भाचीच्या लग्नाला तेरला गेल्या होत्या. घरात दुसरं कुणी नसल्यामुळं तात्यांनी नाइलाजानं स्वतःचं रक्त दिलं होतं.

ते ग्रामपंचायतीत आले. खुर्ची दिली तरी बसेनात. कंबर धरत होती.

"भाऊसाहेब, त्या पोरीनं सांगितलंय, धाराशिवला दाखवाया पायजे. चिठ्ठी द्या. लघवीला उभा ऱ्हायलो की गुरं घरला येत्यात तरी म्या तिथंच. हल्ली रात्री कंबर लई दुखतीया."

"तात्या, सबंध गावाचं शून्य आणि तुमचंच सेहेचाळीस कसं?"

"मला काय ठाव?"

"विसंगती आहे," भाऊसाहेबांनी निदान केलं. "चिठ्ठी दिली की तुम्ही रुग्ण. तुम्ही रुग्ण की दिवा गेला."

सरपंच रणधीर यांनी आवाज मऊ केला. "तात्या, गावाच्या नावाचा प्रश्न हाय. काकू आल्या की त्यांना पाठवा. तपासणी रीतीनं होऊ द्या."

कडूबाई तेरहून आल्या. तात्यांनी सगळं सांगितलं, फक्त कंबरेचं सोडून. कंबरेचं कडूबाईंना आधीच माहीत होतं. त्या पिशवी ठेवून तशाच ग्रामपंचायतीत गेल्या. तिथं शिवकन्या सुई घेऊन बसली होती आणि तिचा चेहरा पडला होता.

"आधी चिठ्ठी," कडूबाई म्हणाल्या. "मग दंड."

"काकू, रक्त दिलं की तात्या निरोगी. निरोगी माणसाला चिठ्ठी कशी देता येईल?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"माझं रगात त्येंच्या नावावर चालतंय न्हवं?"

"चालतं."

"मग त्येंचा आजार माझ्या नावावर लिवा."

भाऊसाहेबांनी परिपत्रक वर-खाली पाहिलं. अभियान फक्त पुरुषांचं होतं. बाईला काहीही झालं, अगदी प्रोस्टेट झाली, तरी ती मोजणीत येत नव्हती.

"बसतंय," ते म्हणाले.

चिठ्ठी अशी निघाली: कडूबाई, वय अठ्ठावन्न, प्रोस्टेटचा त्रास, पुढील तपासणीस पाठवले आहे. मग कडूबाईंनी दंड पुढं केला आणि तात्यांचा आकडा सेहेचाळीसवरून शून्यावर आला. सत्काराच्या कार्यक्रमात 'औषधाविना रोगमुक्त झालेले ग्रामस्थ' म्हणून त्यांना पहिला हार पडला. योगीराज साहेबांच्या भाषणात तात्या तीनदा व्यासपीठावरून उतरले. दोनदा परत येताना त्यांना भाषण सोडून जाणारे साहेब भेटले.

दुसऱ्या दिवशी तात्या आणि कडूबाई धाराशिवच्या एका दवाखान्यात पोचले. खिडकीतल्या माणसानं चिठ्ठीवरचं नाव घातलं, तसा संगणकानं स्त्रीरोग विभाग दाखवला. तात्या बिचकत तिकडं गेले. बाकावर आधीच धोतर, पायजमे आणि टोप्या बसल्या होत्या. सगळ्यांच्या हातात बायकोच्या नावाची चिठ्ठी. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

"कुठलं गाव?" तात्यांनी शेजारच्याला हळूच विचारलं.

"आमच्या गावात न्हाय हा आजार," शेजारचा म्हणाला. "आमच्यात दिवा बसलाय."

दार उघडून डॉक्टरीणबाईंनी बाकावर नजर फिरवली. त्यांना सवय झालेली असावी. "प्रोस्टेटवाल्या बाया इकडं या," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांना घेऊन स्वतःच योग्य विभागात सोडून आल्या.

तात्यांच्या ग्रंथीचा तुकडा काढून तपासला. कर्करोगच निघाला, पण बाहेर पसरलेला नव्हता. "वेळेत आलात म्हणून बरं," डॉक्टर म्हणाले. कडूबाई तेव्हा पहिल्यांदा खाली बसल्या. उपचार कडूबाईंच्याच नावावर सुरू झाले.

आता करडवाडीच्या चौकात हायमास्ट दिवा लागतो. त्याचा उजेड लांबवर पडतो. त्यामुळं रात्री कोण उठलं, ते सगळ्यांना दिसतं. सरपंच रणधीर दिसतात, हरणाबाईंचे मालक दिसतात, मुक्कामाला असले तर भाऊसाहेबही दिसतात. एकमेकांसमोर आल्यावर प्रत्येक जण मान वर करून म्हणतो, "दिवा बघाया आलो होतो." मग सगळे थोडा वेळ दिवा बघतात. बलभीमतात्या मात्र अलीकडं रात्री सलग झोपतात. त्यांना काहीतरी मोठा आजार असणार, अशी गावात चर्चा आहे.

तुमच्या दारात असा दिवा नाही. त्यामुळं तुम्ही रात्री किती वेळा उठता, हे घरात एकाच माणसाला माहीत आहे. तिनं ते अजून रीतसर कळवलेलं नाही.