पोळ्यांच्या डब्यातली कादंबरी

आमच्या शेजारच्या अहिरे सिस्टर पुस्तक देतात ते पोळ्यांच्या डब्यातून. चांगला मोठा, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. आत खाली फडकं, फडक्यावर कादंबरी. पहिल्यांदा त्यांनी तो माझ्या हातात ठेवला तेव्हा मला वाटलं, चला, आजच्या पोळ्या सुटल्या. मी ऑफिसातून नुकती आलेली, पाय सुजलेले, कणीक अजून भिजवायची. झाकण उघडलं तर आत पुस्तक. मला रडू यायचंच बाकी होतं.

"अहो सिस्टर, पुस्तक डब्यात का?"

"मनीषा, आजवर कुणी तुझं पुस्तक परत केलंय?"

मी आठवून पाहिलं. कुणी केलं नव्हतं.

"आणि डबा?"

डबे मात्र सगळ्यांनी परत केले होते. नसते केले तर मीच दारात जाऊन उभी राहिले असते. बाई एक वेळ लग्नाचा वाढदिवस विसरेल, पण कुठला डबा कुणाकडे गेलाय ते विसरणार नाही. त्यात भांडं रिकामं परत करायचं नाही ही आपली रीत. त्यामुळे सिस्टरांची कादंबरी जाई एकटी आणि परत येई ती दोन पेरू, वाटीभर तांदूळ, खारे शेंगदाणे असं काहीबाही घेऊन. सोसायटीतल्या गायकवाडबाईंनी मेथीचे लाडू घातले तेव्हापासून अर्ध्या पुस्तकाला मेथीचा वास आहे. मुखपृष्ठ तर कुणाच्या तरी चकल्यांच्या तेलात कधीच कामी आलं.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. नवरा लवकर गेला. सगळी नोकरी बाळंतपणाच्या खोलीत झाली, आधी सुरगाण्याकडे, मग नांदगावला. निवृत्तीनंतर नाशिकला आल्या, पण ती खोली काही त्यांच्यातून गेली नाही. सिलिंडर आला नाही म्हणून आपण वैतागावं तर त्या म्हणणार, "कळ येऊ द्या." नळाला पाणी नाही? "कळ येऊ द्या." माझं प्रमोशन तीन वर्षं अडकलंय, त्यावरही हेच औषध. माझ्याकडून बरणीचं झाकण निघेना तर ह्या मागे उभ्या राहून, "जोर लाव, श्वास सोडू नको, आलंच आता," करत होत्या. झाकण निघालं तेव्हा मला खरोखर बाळंत झाल्यासारखं वाटलं.

आमच्या सोसायटीचे चेअरमन मूळचे सुरगाण्याकडचे. एकदा मीटिंगमध्ये ते पार्किंगवरून तासभर तावातावाने बोलत होते. सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या, "हा माझ्याच हातचा. जन्मला तेव्हा रडायलाच तयार नव्हता. उलटा धरून दोन चापट्या दिल्या तेव्हा तोंड उघडलं. ते अजून मिटलं नाय." पाठीमागच्या रांगेनेही ते ऐकलं. त्यानंतर चेअरमन सिस्टरांसमोर फार बोलत नाहीत.

असल्या बाईने कॉलनीत वाटायला निवडावी कुठली कादंबरी? एका बाईला मूल होतं आणि तिला काही वाटतच नाही. पान्हा फुटतो, पण माया फुटत नाही. सगळे म्हणतात, होईल, होईल. एका दुपारी ती बाळाला पाळण्यात ठेवते, दाराला कुलूप लावते आणि बसस्टँडवर जाऊन बसते. एक एक बस सुटत जाते. पुढचं मी सांगणार नाही, कारण मलाही ते वाचल्यावर दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

मी वाचलं तेही उशिरा. पहिल्या खेपेला मी न वाचताच डबा परत केला होता, आत मूठभर शेव घालून. कुणाला वेळ होता? सकाळी दोन डबे, मग ऑफिस, संध्याकाळी मुलाचा क्लास, सासूबाईंच्या गोळ्या.

"कसं वाटलं?" सिस्टरांनी विचारलं.

"छान आहे."

"छान?" त्यांनी माझं मनगट धरलं आणि पदराला लावलेल्या घड्याळाकडे बघत नाडी मोजायला लागल्या. मग डबा तसाच माझ्या हातात परत दिला. शेव काढून घेतली.

त्यांचा प्रत्येकीला एकच प्रश्न असे. "ती बाई वाईट होती का गं?" गायकवाडबाई दारातच म्हणाल्या, "वाईट म्हणजे? राक्षसीण हो. असली आई असते कुठे?" असं म्हणून त्या चहाला म्हणून बसल्या ते दोन तास उठल्याच नाहीत. धाकट्याच्या वेळी आपण न्हाणीघराची कडी लावून बसायचो आणि बाहेर पोर रडत असायचं, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. सिस्टर मान हलवत राहिल्या. एरवी लोकांच्या बाळंतपणाच्या हकिगती मीठमसाला लावून सांगणारी ही बाई, पण डबा घेऊन बसलेल्या बाईचं एक अक्षर कधी बाहेर गेलं नाही. मला हे गायकवाडबाईंनीच सांगितलं.

मी शेवटी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. परत करताना डबा स्वच्छ घासला, तेव्हा बुडावर कोरलेलं नाव दिसलं. "चि. वैशालीस, आईकडून."

"सिस्टर, वैशाली म्हणजे तुमची मुलगी ना? नाशिकरोडची?"

"हो. रुखवतात मांडला होता डबा. सगळं घेऊन गेली, एवढा ओट्यावर ठेवून गेली."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. वैशाली चाळीस दिवसांची असताना त्यांनी तिला नांदगावला आपल्या आईकडे ठेवलं आणि त्या सुरगाण्याला निघून गेल्या. सहा वर्षं. महिन्या-दोन महिन्यांनी जीपने यायच्या, खाऊ घेऊन. मुलगी मोठी झाल्यावर विचारायची, मला का ठेवलंस? ह्या म्हणायच्या, नोकरी होती. आता वैशालीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण तिने सासरीच केलं. गावभरच्या बायांचं बाळंतपण करणाऱ्या आईला फोनसुद्धा दुसऱ्या दिवशी आला. त्यातही तिने तेच विचारलं आणि ह्यांनी तेच सांगितलं. वैशाली म्हणाली, खरं सांगशील तेव्हा ये.

"नोकरी सगळ्याच बाया करतात गं," सिस्टर म्हणाल्या. "मला तिला हातातच घ्यावंसं वाटत नव्हतं. लोकांची पोरं दिवसभर हातात घ्यायची मी. लय भीती वाटायची स्वतःची. हे कुठल्या तोंडाने सांगू तिला? मग ही कादंबरी मिळाली. म्हटलं आधी तुम्हाला वाचायला देऊन बघू. तुम्ही त्या बाईला शिव्या घालून जाता की बसता."

मीही बसलेच होते की.

"तुझं ऑफिस त्या बाजूला. देशील तिला नेऊन?"

नाही कशी म्हणणार? दुसऱ्या दिवशी बसच्या भर गर्दीत उभ्याने डबा छातीशी धरून गेले. शेजारच्या बाईने विचारलं, सत्यनारायणाचा प्रसाद आहे का? वैशालीने दार उघडलं, कडेवर आठ महिन्यांची मुलगी, डोळ्यांखाली काळं. डबा बघून ती म्हणाली, "ठेवा तिथे." मी माझं ऑफिस कुठे ते सांगितलं, तरी तिने पाणीसुद्धा विचारलं नाही. मी रागावले नाही. त्या वयाचं मूल घरात असलं की माणूस स्वतः पाणी प्यायलं तरी खूप.

मग तीन आठवडे काही नाही. सिस्टर रोज संध्याकाळी गॅलरीतून विचारायच्या, "डबा आला का गं?" मुलीबद्दल एक शब्द नाही. एकदा थकून मीच म्हणाले, "कळ येऊ द्या." तर त्या म्हणाल्या, "कधी कधी येत नाय. मग कापावं लागतं." मला उगाच बोलले असं झालं.

चौथ्या आठवड्यात वैशाली स्वतः माझ्या ऑफिसच्या दारात. कडेवर मुलगी, हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत पुस्तक.

"दोनदा वाचलं," ती म्हणाली. "परवा हिचं रडणं थांबेना. मीही कडी लावून जिन्यात जाऊन बसले होते. दहाच मिनिटं."

माझ्या तोंडून निघालं, "आणि डबा?"

"डबा नाही देणार. माझं नाव आहे त्यावर."

संध्याकाळी मी सिस्टरांकडे गेले. पिशवी बघून त्यांचा चेहरा उतरला. "पुस्तक आलं? आणि डबा?"

"ठेवून घेतला तिने. म्हणाली, माझं नाव आहे त्यावर."

"काय म्हणाली?"

मी परत सांगितलं. त्यांनी मला ते तीनदा बोलायला लावलं. मग बराच वेळ पुस्तकाची मेथीच्या वासाची पानं सरळ करत बसल्या.

"त्याचं झाकण घट्ट आहे," त्या म्हणाल्या. "ओल्या हाताने उघडत नाय. तिला कुणी सांगितलं नसेल."

"मग सांगा की तुम्ही."

त्यांनी फोन लावला. पलीकडून हॅलो ऐकू आलं, मागे बाळाचं रडणं. सिस्टर झाकणाबद्दल बोलल्या. कोरड्या फडक्याने धरायचं, एका बाजूने दाबायचं. पलीकडे वैशाली हं हं करत होती. मी हळूच उठले, घरी कणीक भिजवायची होती. दार ओढून घेताना मागून सिस्टरांचा आवाज आला.

"वैशू, नोकरीमुळे नव्हतं गं ते."