कुलथेकाकांची आकड्यांची पिशवी

कुलथेकाकांच्या गोष्टीत चपला घालायच्या तरी आधी पिशवीत हात घालून आकडा काढावा लागे. एकदा शेख मास्तरांनी काढला, तर निघाला दोन. गोष्टीतला त्यांचा वैद्य घराच्या उंबऱ्यातच घोटा मोडून बसला. पुढचे तीन रविवार आम्ही त्या वैद्याला डोलीत घालून हिंडवत होतो. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी शांतपणे समजावून पाहिलं, की चपला घालताना इतके घोटे मोडत असते तर नाशिक रोडला एकही माणूस स्टेशनापर्यंत पोचला नसता. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आकडा तो आकडा, मास्तर."

हा प्रकार काय होता ते सांगायचाही आता कंटाळा येतो, इतक्या लोकांना सांगून झालाय. काका सरकारी कचेरीतून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले. आमच्याच कॉलनीत तळमजल्यावर राहायचे. सत्त्याण्णवच्या सुमाराला अमेरिकेतल्या भाच्यानं त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं. बसून गोष्ट खेळायचं पुस्तक. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली एकेक माणसं व्हायचं, 'मी आता अमुक करतो' असं म्हणायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशावर ठरवायचं. पुस्तक आलं, फासा राहिला अमेरिकेतच. मग काकांनी हाऊजीच्या डब्यातले एक ते वीस आकडे वेगळे काढून एका कापडी पिशवीत भरले. मोठा आकडा आला तर जमलं, छोटा आला तर भोगा.

दर रविवारी दुपारी तीनला आम्ही तिघं जमायचो. मी, मास्तर आणि सायखेड्याचा गायधनी. गायधनी सकाळी मार्केटला टोमॅटो घालून यायचा आणि डोळे मिटत असताना पहिलवान व्हायचा. माझ्याकडे एक शिपाई होता. लढाई संपलीय आणि त्याला घरी जायचंय, एवढीच त्याची गोष्ट. मध्ये एक नदी, एक जंगल आणि एक घाट.

ती नदी आम्हाला चार वर्षांत ओलांडता आली नाही.

कारण काकांना कशातच खात्री नसायची. होडीत बसतो म्हटलं की, "नशिबाला विचारून घेऊ." पिशवी पुढे. नावाड्याला हाक मारतो म्हटलं तरी नशिबाला विचारायचं. त्याला ऐकूच आलं नाही, तर परत हाक आणि परत पिशवी. गायधनीचा पहिलवान विहिरीवर पाणी प्यायला वाकला आणि आत पडला. त्याला बाहेर काढण्यात दिवाळी उलटली. "लय झालं, काका," तो एकदा म्हणाला, "आमच्या म्हशी बी पाणी पितात. त्या नाय पडत." काकांनी त्यावर त्याला चिवड्याची बशी सरकवली आणि पिशवी हलवली.

तुम्ही म्हणाल, मग जात कशाला होता? मीही दर सोमवारी स्वतःला हेच विचारायचो. पण तो शिपाई घरी पोचलेला मला बघायचा होता. आपल्या हातून आयुष्यात एक तरी माणूस नीट घरी पोचवावा, असं काहीतरी मनात बसलं होतं.

मग माझी चंद्रपूरला बदली झाली. हातात तीन रविवार राहिले. पहिल्यात मी होडीत चढलो आणि घसरलो. दुसऱ्यात वल्हं हरवलं. बुधवारी संध्याकाळी मी तावातावानं काकांकडे गेलो. ते म्हणाले, बसा देवरे, दूध घेऊन येतो, आणि बाहेर पडले. टेबलावर ते पुस्तक होतं. आम्हाला त्याला हात लावायची मुभा नव्हती. मी लावला.

खुणेची पट्टी घातलेलं पान आपोआप उघडलं. फासा कधी टाकायला सांगावा, यावरच ते पान होतं. कुणालाही सहज जमेल अशा गोष्टीला फासा नको. फसून काहीच बदलणार नसेल तरीही नको. जमलं तरी गोष्ट पुढे जाते आणि फसलं तरी जाते, अशाच वेळी विचारा. खाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात ड्राफ्ट्समनच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'हे यांना सांगू नये.'

काका दुधाची पिशवी घेऊन दारात उभे होते.

"तुम्हाला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून." त्यांनी दूध ओट्यावर ठेवलं. "नियमानं खेळलो असतो तर गोष्ट सहा महिन्यांत संपली असती. मग तुम्ही कशाला आला असता, देवरे? ही गेल्यापासून रविवार फार मोठा होतो हो."

मी भांडायला गेलो होतो. चहा पिऊन परत आलो. चार वर्षं आपण या माणसावर चिडत होतो, याचीच मला लाज वाटली.

शेवटच्या रविवारी शिपाई होडीत बसला तेव्हा गायधनीनं सवयीनं पिशवीकडे हात नेला. काकांनी पिशवीचं तोंड मुठीत धरून ठेवलं. "बसू दे त्याला. होडीत बसता येतं माणसाला." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. अर्ध्या तासात नदी झाली, जंगल झालं, घाट झाला. शिपाई आपल्या दाराशी आला.

तिथं काका थांबले. "घर सोडून बारा वर्षं झाली. दाढी वाढलीय. आईला दिसतही कमी. ती ओळखेल का, हे मात्र विचारायला हवं."

पुस्तकाच्या नियमानं ते बरोबरच होतं. मी हात घातला. तीन. माझ्या तळहातावर मीच बघितला तो. काकांनी तो माझ्याकडून घेतला, चष्म्याजवळ नेऊन वाचला आणि दुसऱ्या कुणाला न दाखवता शर्टाच्या खिशात टाकला.

"एकोणीस," ते म्हणाले. "आई म्हणते, किती वाळलास रे. हातपाय धू, पान वाढते."

गायधनी चक्क जागा होता.

"संपली," काका म्हणाले. "पुढे काही नाही." घड्याळात पाच वाजायचे होते. ते आमच्याकडे बघत राहिले, कोण आधी उठतंय म्हणून. मास्तरांनी चिवडा आहे का विचारलं. गायधनीनं पाय पसरले आणि टोमॅटोच्या भावाचं रडगाणं सुरू केलं. आम्ही साडेआठपर्यंत बसलो होतो.