विवरातली माती आणि अम्बूंचा राइस कुकर

जावा बेटावरच्या आमच्या गारुत गावात गरम मातीतलं कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी, दादान! आमच्या कॉलेजातला इन्क्युबेटर, म्हणजे जिवाणू वाढवायची ऊबदार पेटी, जळला म्हणून दुसरा कोणी रडत बसला असता. मी नाही! ज्वालामुखीच्या विवरातली माती मी जीव मुठीत धरून आणली होती. तिच्यातल्या जिवाणूंना हवी साठ अंशांची ऊब. आणि आमच्या घराघरांत अहोरात्र तेवढं गरम काय असतं? राइस कुकर!

सासूबाईंचा, म्हणजे अम्बूंचा, जुना भला मोठा कुकर मी गोड बोलून प्रयोगशाळेत नेला. आत आगर-आगरच्या, म्हणजे आमच्याकडे गोड करून खातात त्याच समुद्री जेलीच्या, बशा, त्यांवर मातीचं पाणी. दुसऱ्याच दिवशी दुधाळ ठिपके! सूक्ष्मदर्शकाखाली बघतो तर कांडीसारखे जिवाणू, पोटात टपोरे बीजाणू, आणि स्टार्च दिला की फस्त! छाती इतकी फुगली की शर्ट आखूड पडायला लागला. बांडुंग शहरातल्या जिवाणूतज्ज्ञ डॉक्टर विडाती तपासायला येणार होत्या. जिवाणू नवा निघाला तर माझ्या नावानं राष्ट्रीय संग्रहात जाणार!

त्या आल्या.

"इबू विडाती, हा जीव त्या विवराशिवाय जगात कुठे मिळायचा नाही!" म्हणत मी ऐटीत झाकण उघडलं.

आत भात. वाफाळता, पांढराशुभ्र!

"माझ्या बशा!"

"किंचाळतोस काय?" मागून अम्बूंचा आवाज. "बांडुंगहून पाहुणी येणार आणि कुकरात भाताचं शीत नाही? लोक काय म्हणतील! म्हणून मीच येऊन टाकला."

"आणि बशा?"

"आगर-आगर कोणी गरम ठेवतं का रे, वेंधळ्या? फ्रीजमध्ये ठेवलंय. फिक्कं दिसत होतं, म्हणून वरून गुळाचा पाकही घातलाय."

 डॉक्टर विडातींनी मात्र शांतपणे विचारलं,

"माती उरलीय ना? मग पुन्हा वाढवू. पण तुलनेसाठी माती न घातलेली बशी कुकरात ठेवली होती ना? तिच्यात काय उगवलं?"

"न घातलेली...?"

ती मी ठेवलीच नव्हती! पहिल्या वर्षाच्या पोरांना मी याच चुकीसाठी झापतो!

त्यांनी उरलेली माती नेली आणि कुकरच्या झाकणाच्या खाचेत अडकलेली जुनी शितंही नेली. काही दिवसांनी त्यांचा फोन आला.

"मातीतून काहीच उगवलं नाही. शितांतून मात्र तुमचाच जिवाणू, भरभरून! आणि नवाच दिसतोय."

"म्हणजे माझं नाव..."

"नमुना कोणाच्या घरचा, ते लिहावं लागेल. सासूबाईंचं पूर्ण नाव सांगा."

मी घाबरत घाबरत अम्बूंना सांगितलं. म्हटलं, कुकर घाणेरडा म्हटल्याचा राग येणार. छे! त्यांची मान ताठ झाली.

"जन्मभर सांभाळलाय मी तो कुकर! ऐऱ्यागैऱ्याच्या घरात असलं निपजत नाही."

हल्ली शेजारणी डब्यांत शिळा भात घेऊन दारात उभ्या असतात. "आमच्याही कुकरात काही निघतंय का, बघा ना!" आणि कोणी नवीन आलं की माझी ओळख करून देतात, "हे अम्बूंचे जावई. कुकर उचलून नेला होता ना, तेच!"