मातुश्रींच्या डोळ्यांचा रुकार

श्रीचे स्मरण करून, जैसे घडले तैसे लिहिले असे. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरी, एके राज्यी महाराजांच्या मातुश्री मोतीबिंदूने दोहीं डोळियांनी आंधळ्या जाहल्या, आणि महाराजांनी दूरदेशीहून रुद्राप्पा नामे नेत्रवैद्य आणविला, आणि चिटणीस विसाजी धोंडदेव यांस आज्ञा केली जे, वैद्य सांगेल ते लिहून खाली आमचा रुकार घालावा. मग विसाजींनी लेखणी बुडविली, परंतु हात चालेना. डोळा मातुश्रींचा आणि रुकार पुत्राचा, हे कैसे? अखेर धीर करून बोलिले, "महाराज, मातुश्रींस पुसले काय?" विसाजींस वाटले, आता चाकरी गेली. मग महाराज हळूच बोलिले, "नाही पुसले. पुसा."

मग वैद्य मातुश्रींपुढे बैसला आणि सांगता जाहला की, सुईने पडदा खाली लोटावयाचा, गुण येईल अथवा डोळा कायमचा जाईल, आणि काहीच न केले तरी जीवास धोका नाही. मातुश्रींनी पुसले, "सुई आत जाते तेव्हा दिसते काय?" वैद्य चकित होऊन बोलिला, "आईसाहेब, हे मजला आजवर कोणी पुसलेच नाही." विसाजींनी तेही लिहिले, आणि शेवटी "सर्व समजले, भय नाही" ऐसे घालून वाचून दाखविले.

"भय नाही कोण म्हणाले?" मातुश्री बोलिल्या. "भय फार आहे. तरी करा म्हणते. तैसे लिहा. आणि आधी एकच डोळा."

मग सुई घातली, आणि तो डोळा गेला. महाराजांनी क्रोधे वैद्यास बेड्या फर्माविल्या, तो मातुश्री डोळियांस पट्टी तैशीच ठेवून आडव्या आल्या. "त्याने मला सांगितले होते. मी ऐकून हो म्हटले होते. सोडा त्यास." मग वैद्याकडे वळून म्हणाल्या, "आता दुसऱ्या डोळियाचे बोला. या खेपेस चुकले कोठे, ते आधी सांगा." आणि वैद्याने काही न लपविता सांगितले, आणि विसाजींनी नवा कागद घेतला.

पुढे दुसऱ्या डोळियातही सुई घातली आणि पट्टी सुटली, तेव्हा मातुश्रींनी समोर बैसल्या चिटणीसास फार वेळ न्याहाळिले आणि म्हणाल्या, "विसाजी! अहो, तुम्ही किती म्हातारे जाहलात!" विसाजींस हसू आले आणि रडूही.

तात्पर्य, एक डोळा गेला, एक आला, आणि तेव्हापासून त्या राज्यी ज्याचे अंग त्यासच पुसू लागले. इति.