पण मी भाव विचारला होता

"महिनाअखेर यंत्र विकून टाकू आणि बुसानला जाऊ. ताईच्या चिकनच्या दुकानात माणूस हवंय," अप्पांनी जेवता जेवता, उद्या ढग येणार आहेत असं सांगावं तितक्या थंडपणे सांगितलं आणि मुळ्याची किमची स्वतःकडे ओढली.

दासोमचा चमचा हवेतच राहिला. "आणि माझी शाळा?"

"बुसानला शाळा नाहीत का?"

होत्या, पण तिथे दासोमचा माइक नव्हता! शाळेच्या प्रसारण मंडळात तिनं दीड वर्ष नुसत्या वायरी गुंडाळल्या होत्या. गेल्याच आठवड्यात तिला जेवणाच्या सुट्टीतला कार्यक्रम मिळाला होता. ज्या मुलीला एके काळी हजेरीला 'हजर' म्हणताना घाम फुटायचा, तिचा आवाज आता तिन्ही मजल्यांवर घुमत होता आणि कँटीनच्या मावशीसुद्धा तिला नावानं हाक मारत होत्या. हे सगळं टाकून नव्या शाळेत पुन्हा पहिल्या वायरीपासून सुरुवात? अकरावीत? ऐन वर्षाच्या मधोमध?

देगूच्या रंगारी गल्लीत अप्पांचा टॉवेल छापायचा छोटा कारखाना होता. बाळाचा पहिला वाढदिवस असो, आजीची सत्तरी असो की नव्या दुकानाचं उद्घाटन, आलेल्या पाहुण्यांच्या हातात जाताना प्रसंग छापलेला टॉवेल ठेवायचाच. पण हल्ली बाळंच कमी जन्माला येतात, त्याला अप्पा तरी काय करणार?

"आपल्या वेबसाइटवर रोज माणसं येतात, अप्पा. मी आकडे बघितलेत. येतात, बघतात आणि निघून जातात."

"जाऊ देत की."

"दुकानात आलेल्या माणसाला जाऊ देता का तुम्ही असं? आधी कागदी कपात गोड कॉफी हातात देता. गरम असते म्हणून बिचाऱ्याला हलता येत नाही. तेवढ्यात नाव, गाव, मुलं किती, लग्नाची किती, सगळं काढून घेता!"

"मग? वेबसाइटवर कॉफी कशी देणार?"

"मी देते."

आई हसली. "दे बाई. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे तुला."

अप्पांनी खांदे उडवले. देगूच्या बापाचा याहून मोठा होकार कुणी पाहिलेला नाही.

कॉफी म्हणजे अर्थातच नमुन्याचा टॉवेल. फुकट, हव्या त्या मजकुरासह, घरपोच! वेबसाइटवर कुणी पाऊल ठेवलं रे ठेवलं की पडद्यावर मोठी चौकट उघडणार. आधी दासोमनं त्यात नऊ रकाने केले होते. मग तिच्या वाचनात आलं की रकाने जितके जास्त, तितकी माणसं लवकर पळतात. झालं, ती छाटतच सुटली. प्रसंग उडाला, तारीख उडाली, टॉवेलचा रंग उडाला. उरलं नाव, फोन, पत्ता आणि एक रिकामी जागा, जिच्यावर नुसतं 'इथे लिहा' एवढंच होतं. फुकट नमुन्याची ओळ तिनं सगळ्यात वर फुलाफुलांच्या अक्षरांत काढली होती. फुलं इतकी देखणी होती की ती ओळ आहे हेच कुणाला कळलं नाही.

त्यावर तिचा खास डाव असा, की सगळं भरल्याशिवाय चौकट बंदच होणार नाही. आणि रिकाम्या जागेतला मजकूर थेट अप्पांच्या यंत्रात जाणार, मध्ये कुणाला टायपायला नको. संपर्कासाठी नंबर मात्र तिनं स्वतःचा दिला, कारण अनोळखी नंबर आला की अप्पा आधी ओरडतात आणि मग ऐकतात.

सोमवारी सकाळी चौकशांचा नुसता पाऊस! यंत्र धडधडायला लागलं, शाईचा वास सुटला, आणि दासोम घरातून निघाली तेव्हा अप्पा चक्क शीळ घालत होते. वर्षभरात पहिल्यांदा. ती मोनोरेलच्या स्टेशनपर्यंत उड्या मारत गेली.

तिच्या मागे आईनं टॉवेलची घडी घालता घालता एक उलगडून पाहिला. "अहो, यावर 'मी फक्त बघतोय' असं काय छापलंय?"

"जे आलं ते छापलं."

"पण असं कोण छापून घेतं?"

"असेल कुणाची आवड. तिसरं लग्न विसरलीस का?"

तिसरं लग्न विसरणं शक्यच नव्हतं. मागे एका गिऱ्हाइकानं 'तिसऱ्या लग्नाची भेट' असा मजकूर दिला होता. घाईत शब्द गळला असेल अशा चांगुलपणानं अप्पांनी 'तिसऱ्या मुलाच्या लग्नाची भेट' असं छापलं. लग्न नवऱ्यामुलाचंच तिसरं होतं, आणि नवरीच्या माहेरच्यांना त्या टॉवेलांमुळे त्याला तीन मुलं असल्याचं कळलं, जी त्याला नव्हती. तेव्हापासून अप्पांचा कायदा होता: आपली अक्कल यंत्राच्या बाहेर ठेवायची, मजकूर जसाच्या तसा छापायचा. आईनं घडी घातली, रिबन बांधली, डबा कुरिअरवाल्याच्या हवाली केला.

मंगळवारी संध्याकाळी वर्गशिक्षकांच्या कपाटातून दासोमनं सकाळी जमा केलेला आपला फोन परत घेतला, तर तो इतक्या न घेतलेल्या फोनांनी फुगला होता की तिला वाटलं, ऑर्डरी! केवढ्या ऑर्डरी! मोनोरेलमध्ये खिडकीजवळची जागा पकडून तिनं माइकवरचा आपला मधाळ आवाज काढला आणि पहिला नंबर लावला.

"नमस्कार! टॉवेल आवडला का आपल्याला?"

"बाळ, छपाई सुरेख आहे," पलीकडे एक आजोबा होते. "पण त्यावर लिहिलंय, 'माझा पत्ता कशाला हवाय तुम्हाला?'"

"अं... असं का बरं लिहिलंय?"

"मी विचारलं होतं म्हणून. टॉवेल अगदी बरोबर पत्त्यावर आला हो. उत्तर तेवढं आलं नाही."

दासोमनं घाईनं माफी मागितली आणि पुढचा नंबर लावला. दुसरा फोन मागच्याच गल्लीतल्या टॉवेलवाल्याचा निघाला. "कुठल्या शहाण्यानं माझ्या दुकानात हा टॉवेल पाठवला? 'यांचा भाव आपल्यापेक्षा कमी आहे का बघ रे'! मी आमच्या माणसाला लिहीत होतो, तुमची चौकट मध्ये आली आणि हटेचना!"

"मग बघितलं का त्यांनी?" दासोमच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"काही नाही काका, माफ करा!"

तिसरा फोन एका बाईंचा होता. त्यांचा आवाज असा खणखणीत, की शेजारी बसलेल्या माणसानं आपल्या कानातली गाणी थांबवली. "मी प्यो, सार्वजनिक न्हाणीघर चालवते. तुम्हाला विचारलं होतं, 'दोनशे घेतले तर काय सूट देता?' तर तुम्ही तेच छापून मला पाठवलंत. ही काय थट्टा आहे?"

घरी येईपर्यंत दासोमनं ठरवलं होतं की अप्पांना सगळं सांगून टाकायचं. पण दारातच यंत्राची धडधड ऐकू आली आणि धडधडीवर स्वार झालेली शीळही. आई म्हणाली, "ऐकतेस ना? अप्पा आज आत्याला फोन करणार होते, केला नाही." आता यावर काय सांगणार? कप्पाळ!

मग तिनं एकटीनंच निस्तरायचं ठरवलं. ज्यांनी ज्यांनी नंबर दिले होते त्या सगळ्यांना एकदम संदेश धाडला: 'घोटाळ्याबद्दल मनापासून माफी. आपलं म्हणणं कृपया पुन्हा एकदा लिहा.' खाली लिहिण्यासाठी जागा दिली. जागा कुठली? तीच. घाईत तिला दुसरी सुचली होती कुठे?

लोक भले. बुधवारी, दासोमचा फोन कपाटात आणि दासोम माइकवर असताना, लोकांनी भराभर उत्तरं पाठवली आणि अप्पांनी ती भराभर छापली. 'राहू दे गं, होतं असं.' 'माफी कसली, टॉवेल मऊ आहे.' 'मी अजूनही फक्त बघतोय.'

"कसले गोड टॉवेल आहेत हे!" आई म्हणाली.

"लोकांना भान यायला लागलंय. नाहीतर आपलं तेच तेच 'हार्दिक अभिनंदन'," अप्पा म्हणाले आणि शाई वाढवली.

गुरुवारी संध्याकाळी दासोमला पुन्हा फोन आले, आणि या वेळी तिला रडूच कोसळलं. मोनोरेलमधल्या बाईंनी तिला कागदी रुमाल दिला. घरी येऊन तिनं डोळे पुसले, चौकट उघडली आणि ती नीट, अगदी शहाण्यासारखी दुरुस्त केली: प्रश्न वेगळे, मजकूर वेगळा, प्रसंग वेगळा, तारीख वेगळी, बंद करायला कोपऱ्यात फुली. पण त्या दिवशी दुपारपर्यंत जे येऊन पडलं होतं ते यंत्रात गेलेलं होतंच.

शनिवारी दुपारी कारखान्याचं दार धाडकन उघडलं. दारात कुरळ्या केसांच्या, जांभळ्या जाकिटातल्या एक बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या खांद्यावर तीन टॉवेल होते. आवाज फुटायच्या आधीच दासोमनं ओळखलं. ती गठ्ठ्यांच्या मागे सरकली.

"मालक कोण?"

"मी," अप्पा पुढे आले. "कॉफी घेणार?"

"आधी हे वाचा." प्योबाईंनी टेबलावर पहिला टॉवेल आपटला: 'दोनशे घेतले तर काय सूट देता?' त्यावर दुसरा: 'टॉवेल मिळाला. पण मी भाव विचारला होता.' त्यावर तिसरा: 'अहो, परत टॉवेलच?'

अप्पांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग यंत्राशेजारी पडलेले सगळे टॉवेल एकेक करून उलगडत गेले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून वर्षभरानं आलेली शीळ हळूहळू उतरत गेली. "म्हणजे ही गिऱ्हाइकं नव्हतीच," ते म्हणाले. "दासोम."

ती गठ्ठ्यामागून बाहेर आली. "माझी चूक आहे, अप्पा. मंगळवारपासून माहीत होतं मला."

"मग बोलली का नाहीस? एरवी तर तोंडाला कुलूप नसतं."

"तुम्ही शीळ घालत होता."

अप्पांनी हातातल्या टॉवेलची घडी घातली. आईनं उगाचच रिबनचं टोक सरळ केलं. एवढ्या शांततेत आपण घुसलो आहोत हे प्योबाईंच्या गावीही नव्हतं.

"झालं तुमचं घरचं? मग माझं ऐका. बायकांच्या बाजूला मी माणशी दोन टॉवेल मोजून देते, तरी गिऱ्हाइकं ते घरी नेतात. पुरुषांच्या बाजूला ढीग ठेवते, तो तर आठवड्यात ओसरतो. सगळ्या शहराची अंगं माझ्या टॉवेलांनी पुसली जातात! मंगळवारी रागाच्या भरात तुमचा हा टॉवेल मी त्या ढिगात फेकला. दुसरा आला, तोही फेकला. आज सकाळी बघते तर ढीग गायब, आणि हे दोघे कपाटावर घडी घालून ठेवलेले. घडी घालून! माझ्या न्हाणीघरात!"

"का बरं?" आईनं विचारलं.

"अहो, 'पण मी भाव विचारला होता' असा टॉवेल घेऊन कुठला नवरा घरी जाईल? बायको विचारणार नाही, कसला भाव, आणि कुणाला?"

आईला आधी हसू फुटलं, मग दासोमला, आणि शेवटी अप्पांच्या नाकातून एक आवाज आला जो त्यांनी खोकल्यात लपवला.

"मला दोनशे द्या," प्योबाई म्हणाल्या. "हाच मजकूर, अक्षर मोठं. आणि बायकांच्या बाजूसाठी निराळे, त्यावर छापा, 'न्या न्या, बघतेय मी'. आमच्या न्हाणीघरवाल्यांच्या संघाची मंगळवारी बैठक आहे, तिथे वाटायला आणखी वीस."

अप्पांनी कॉफीची पुडी फाडली. निम्मी पूड टेबलावर सांडली.

त्या बैठकीनंतर तीन गावांच्या न्हाणीघरांनी टॉवेल मागवले. अप्पांनी बुसानला फोन लावला. "ताई, चिकन तळायला दुसरं कुणीतरी बघ."

"का? टॉवेल विकायला लागले की काय तुझे?" पलीकडून आत्याचं हसू सगळ्यांना ऐकू गेलं.

"कुणी घरी नेत नाही म्हणूनच विकले जातायत. तुला नाही कळायचं," अप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. म्हणजे माइक वाचला! दासोमनं आईला उचलायचा प्रयत्न केला, दोघी टॉवेलांच्या गठ्ठ्यावर कोसळल्या.

पुढच्या शुक्रवारी मात्र ती शाळेतून आली, तर अप्पा संगणकासमोर कपाळाला आठ्या घालून बसलेले. "हे काय आलंय सगळं? 'हार्दिक अभिनंदन'. 'शुभेच्छा'. 'हार्दिक शुभेच्छा'. ते मजेदार लोक गेले कुठे?"

"तेच लोक आहेत, अप्पा. मी चौकट दुरुस्त केली ना. मजकुराला वेगळा रकाना केला, वर लिहिलं की इथे टॉवेलचा मजकूर."

"कुणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?"

"अहो, चुकीची होती ती!"

"मजकूर लिहा म्हटलं की माणूस इस्त्रीचे कपडे घालून लिहितो. आपण काही विचारत नव्हतो तेव्हा कसे मनातलं बोलत होते! न्हाणीघरवाले रोज फोन करतात, नवीन काय आलं म्हणून. काय सांगू त्यांना? हार्दिक शुभेच्छा?" अप्पांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बिघडव परत. होती तशी."

"फक्त लोकांना सांगू या, अप्पा, की लिहिलेलं टॉवेलवर येतं म्हणून. आधी विचारून मग छापू."

"छापायच्या आधी विचार. लिहायच्या आधी नको."

दासोम बसली. दुरुस्ती एका संध्याकाळी झाली होती, पण पहिला घोटाळा नेमका कसा जमला होता, ते काही केल्या आठवेना. एक रकाना काढला तर चौकट उघडेना, दुसरा काढला तर बंद होईना, तिसरा काढला तर यंत्रानं कोरा टॉवेल बाहेर टाकला. रविवार दुपारपर्यंत ती केस विस्कटून तिथेच बसली होती, आणि अप्पा मागे येरझाऱ्या घालत होते.

आईनं कापलेल्या नाशपातीची बशी तिच्याजवळ ठेवली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"घाई करू नकोस, राणी. सावकाश आणि नीट चूक."