चाळीस फुटी गुप्त डावपेच

पारक्कुळमच्या नवोदय कला-क्रीडा क्लबतर्फे खेळणारी हंसाकोयाची धाकटी मुलगी रिशाना संगणकावरच्या फुटबॉलच्या जिल्हा अंतिम फेरीत पोचली, ही बातमी शुक्रवारी दुपारी गावात आली आणि संध्याकाळी क्लबची तातडीची बैठक भरली. बैठकीला झाडून सगळे सभासद हजर होते. खेळाडूला बोलावणं धाडायचं तेवढं राहून गेलं. पण गणपूर्ती झालेली असल्यामुळे तिच्यावाचून काही अडलं नाही.

जिंकणाऱ्याला कोचीला राज्य संघाच्या निवडीसाठी जायचं होतं, आणि समोर होता नदीपलीकडच्या चेरुकडवचा युवधारा क्लब. युवधाराकडून हरण्यापेक्षा कडलुंडी नदीत बुडून मेलेलं बरं, यावर पारक्कुळममध्ये कधीच दुमत नव्हतं. तेव्हा अध्यक्ष सेतुमाधवन यांनी ठराव मांडला की सामन्याआधी डावपेचांचं एक सविस्तर पूर्वावलोकन तयार करावं, आणि ते काम रझाक माशांकडे सोपवावं.

रझाक माश म्हणजे गावच्या शाळेतले कवायतीचे निवृत्त मास्तर. सगळा जन्म त्यांनी शिट्टी वाजवण्यात घालवला. शिट्टी सगळ्यांनी ऐकली, पण माशांचं म्हणणं काय होतं ते कुणीच कधी ऐकून घेतलं नाही, ही खंत त्यांना जेवतानासुद्धा टोचायची. ठराव मंजूर झाला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा गाव त्यांचं लिहिलेलं वाचणार होतं. संगणकावरचा फुटबॉल त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण फुटबॉल तो फुटबॉल, त्यात एवढं काय वेगळं असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी माश खेळाडूच्या घरी गेले. ती पडवीत बसून बोटं मोडत होती.

"पोरी, आधी मैदानाला दोन चकरा मार."

"माश, हा खेळ खुर्चीत बसून खेळतात."

"म्हणून काय झालं? अंग गरम नको? आणि त्या दिवशी पाऊस लागला तर? मैदान जड होईल, चेंडू पळणार नाही."

"पाऊस खेळाच्या आत पडतो, माश. तोही आपण सांगितला तरच."

माशांनी लिहून घेतलं : 'पाऊस : समितीच्या पूर्वपरवानगीने.' मग त्यांनी विचारलं, "बरं, समोरच्याचं कच्चं कुठे आहे?"

खेळाडूने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. युवधाराकडून खेळणाऱ्या निधीशचे मागचे सगळे सामने तिने पुन्हा पुन्हा पाहिले होते. "चेंडू गेला की तो चिडतो, माश. चिडला की डावी बाजू उघडी टाकून पुढे धावतो. तिथूनच घुसणार आहे मी. पण हे कुणाला बोलू नका हं. माझ्याकडे एवढंच एक आहे."

"वेडी की काय! मी कशाला बोलतोय?" असं म्हणून माशांनी तेही लिहून घेतलं.

पुढची बैठक संघनिवडीची. या खेळात जगातला कुठलाही देश घेऊन उतरता येतं. आजवरचे सगळे सामने खेळाडू जपान घेऊन जिंकली होती. ही गोष्ट बैठकीत उघड झाली तेव्हा आधी कुणाचा विश्वासच बसेना.

"जपान?" चहाच्या दुकानाचा मालक अलवीकुट्टी उठून उभा राहिला. त्याचं दुकान पिवळं, छप्पर पिवळं, दारची शेळीसुद्धा विश्वचषकाच्या वर्षी पिवळी. "आपल्या गावात जपानचा एक तरी झेंडा आहे का? ब्राझील असताना जपान?"

"जपान नको, हे अलवीक्का आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोलले," मासळीवाला बीरान म्हणाला. त्याची गाडी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. "अर्जेंटिना घ्यायची."

"तुझी अर्जेंटिना तुझ्या मासळीसारखी, बीराना. दुपारनंतर वास मारते."

"आणि तुमचा ब्राझील तुमच्या चहासारखा. नुसता फेस!"

अध्यक्षांनी टेबल वाजवलं. बऱ्याच चर्चेनंतर तोडगा निघाला की पूर्वार्धात ब्राझील खेळेल आणि उत्तरार्धात अर्जेंटिना. खेळाडू दारात उभी होती. या वेळी तिला बोलावलं होतं, चहा वाटायला. ती म्हणाली, "मध्येच देश बदलता येत नाही. खेळच तसं करू देत नाही."

"करू देत नाही म्हणजे?" अध्यक्ष म्हणाले. "आम्ही ठराव केलाय."

शेवटी सर्वानुमते असं ठरलं की संघ जपानचाच असेल, मात्र त्याची वृत्ती मध्यंतरापर्यंत ब्राझीलची आणि त्यानंतर अर्जेंटिनाची राहील. वृत्ती कोणत्या बटणाने बदलते, हा तपशील खेळाडूच्या विवेकावर सोडण्यात आला. बीरानने असहमतीची नोंद करायला लावली आणि दुसरा चहा मागितला.

माशांनी जीव ओतून पूर्वावलोकन लिहिलं. आता त्याचं करायचं काय? पारक्कुळममध्ये बारसं असो, दहावीचा निकाल असो की कुणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, चौकात फलक लागल्याशिवाय ती गोष्ट घडली असं धरत नाहीत. तेव्हा फलक लागला. चाळीस फुटी. वर अध्यक्ष, दोन्ही बाजूंना कार्यकारिणी, कोपऱ्यात क्लबच्या खोलीचे घरमालक. खेळाडूच्या फोटोला जागा उरली नाही. मधोमध लाल अक्षरांत मथळा होता, 'गुप्त डावपेच', आणि त्याखाली माशांचं अख्खं पूर्वावलोकन. सगळ्यात ठळक ओळ होती : 'प्रतिस्पर्धी चिडला की डावी बाजू उघडी टाकतो. आपण तिथूनच घुसणार.'

अनावरणाला नादस्वरम वाजत होतं. खेळाडू कॉलेजातून येताना चौकात उतरली आणि जागच्या जागी थिजली.

"माश... हे तुम्ही कुणाला सांगणार नव्हता ना?"

"मग? कुणाला सांगितलं मी?" माश दुखावले. "आणि वर बघ की, मोठ्या अक्षरांत लिहिलंय, गुप्त."

ती त्या लाल अक्षरांकडे बघत राहिली. तिचा चेहरा बघून माशांना कसंसंच झालं. पण तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या गळ्यात शाल घातली आणि ते कसंसं होणं शालीखाली झाकलं गेलं.

नदी काही फार रुंद नाही. दोनच दिवसांत पलीकडच्या काठावर युवधाराचा पन्नास फुटी फलक उभा राहिला : 'पारक्कुळमच्या बंधूंनो, वाचलं! डावी बाजू बंद करण्यात आली आहे. सगळे गडी तिथेच उभे राहतील.'

नवोदयची बैठक बसली आणि साठ फुटी उत्तर गेलं : 'तुम्ही बंद करणार हे आम्हाला ठाऊक होतं.' पलीकडून आलं : 'तुम्हाला ठाऊक आहे हे आम्हालाही ठाऊक होतं.' मजकूर कमी आणि फोटो जास्त होत गेले. गावातली पोरं नदीकाठी बसून एकेका फलकाला टाळ्या द्यायची. सामना अजून व्हायचा होता, पण नवोदय दोन फलकांनी पुढे आहे, यावर अलवीकुट्टी आणि बीरान यांचं आयुष्यात दुसऱ्यांदा एकमत झालं.

सामन्याच्या दिवशी सकाळी नवोदयने निर्णायक फलक उभारला. तो एका बाजूला नारळाला आणि दुसऱ्या बाजूला विजेच्या खांबाला बांधला होता, कारण तेवढा लांब फलक पेलायला तिसरं काही गावात नव्हतं. दुपारी वारा सुटला. फलक शिडासारखा फुगला, खांब वाकला, कार्यकारिणी सगळ्या फोटोंनिशी तारांवर जाऊन पडली आणि मोठा आवाज झाला. अलीकडची वीज गेली. पलीकडे तार इथूनच जाते, त्यामुळे पलीकडचीही गेली.

आयोजकांचा कोळिकोडहून फोन आला. सहा वाजेपर्यंत दोन्ही खेळाडू कुठूनही जोडले गेले तर ठीक, नाहीतर दोघेही बाद. अध्यक्षांनी परिस्थितीचा आढावा घ्यायला लगेच बैठक बोलावली. पलीकडेही बैठक बसली. विजेच्या घोटाळ्याला जबाबदार कोण, आणि पूर्वावलोकनाच्या गुणांवर विजेता जाहीर करता येईल का, असे दोन विषय पटलावर होते. सामना हा विषय 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली घ्यायचं ठरलं.

माश खिडकीपाशी बसले होते. त्यांना दिसलं की खेळाडू बसथांब्यावर उभी आहे आणि शेजारी नदी ओलांडून आलेला निधीश. मंजेरीची बस आली. दोघं चढली. माशांना वाटलं, उठावं, निदान तिच्या डोक्यावर हात ठेवून यावं. पण नेमका तेव्हाच त्यांच्या पूर्वावलोकनावर अभिनंदनाचा ठराव चालू होता. मध्येच उठणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी ती परतली तेव्हा बैठक अजून पहिल्याच विषयावर होती. मेणबत्त्या लागल्या होत्या. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "एका गोलने जिंकले. मंजेरीला निधीशच्या मामाच्या दुकानात बसून खेळलो."

एकच कल्ला झाला. अलवीकुट्टीने विचारलं, "पूर्वार्ध ब्राझील वाटला ना?" बीरानने विचारलं, "गोल उत्तरार्धात झाला ना?" माश गर्दीतून वाट काढत पुढे आले. त्यांनी अंगावरची शाल सावरली. "पोरी, माझं... माझं उपयोगी पडलं का गं?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. हसावं की रडावं, असा तिचा चेहरा झाला होता. "पडलं की, माश. त्याच्या समितीने त्याला सगळे गडी डावीकडे उभे करायला लावले. बिचारा बसमध्ये म्हणत होता, माझं कुणी ऐकतच नाही. मग मी मधून गेले. मधे कुणीच नव्हतं."

माशांनी डोळे पुसले. समितीने एकमताने नोंद केली की विजय पूर्वावलोकनाचा आहे. सत्काराचा शंभर फुटी फलक लावायचं ठरलं आणि या वेळी त्यावर खेळाडूचाही फोटो घ्यायची सूचना माशांनी स्वतः मांडली. ती किरकोळ विरोधानंतर मंजूर झाली. खेळाडू तोवर घरी गेली होती. सकाळी तिला कोचीची गाडी पकडायची होती.

फलकवाल्याचा फोन आला. "माश, सगळं बसवलं. त्या खाली कोपऱ्यातल्या पोरीच्या फोटोखाली नाव काय टाकू?"

माशांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. पाच वर्षं तिला कवायत शिकवली होती, उजव्या रांगेत तिसरी उभी राहायची, हे त्यांना लख्ख आठवत होतं. त्यांनी अलवीकुट्टीकडे पाहिलं.

"हंसाकोयाची धाकटी," अलवीकुट्टी म्हणाला.

"ते नाव झालं का?"

"मग बीरानाला विचारा. त्यांच्या घरी मासळी देतो तो."

बीरान छताकडे बघू लागला. अध्यक्ष म्हणाले की नाव निश्चित करायला एक उपसमिती नेमता येईल. शेवटी माशांनी खाली मान घालून फोनवर सांगितलं, "लिही : आमची खेळाडू." अनावरणापासून अंगावर मिरवलेली शाल त्यांनी काढून खुर्चीवर ठेवली.

हसलात ना? हसा. पारक्कुळमचे लोक आहेतच तसे. पण अलवीकुट्टी तुमच्या लक्षात आहे, बीरान आहे, नदीपलीकडचा हरलेला निधीशसुद्धा आहे. तिचं नाव या गोष्टीच्या पहिल्याच वाक्यात होतं. सांगा बघू.

नाही, वर बघायचं नाही.